नव्वद नंबरचं तेल



कवीला आकाशवाणीवर बोलावलं की तो कवितेविषयीच बोलणार, असं सगळे धरून चालतात. मला मात्र ‘स्वतःच्या हातानं करावं असं एखादं काम’ असा विषय दिला गेला आणि मला हायसं वाटलं. मी निवडलेलं काम गाडीखाली उताणं झोपून करायचं आहे. आमच्या घरच्या पिकअप गाडीचं गिअरबॉक्सचं आणि मागच्या क्राउनचं ऑइल आम्ही घरीच बदलतो, त्याविषयी मी बोलणार आहे. गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. आकाशवाणीवर फुकट जाहिरात नको, आणि सगळ्याच पिकअपचं पोट आतून साधारण सारखंच असतं.

आधीच सांगतो, इंजिन ऑइल वेगळं. त्याची काळजी सगळेच घेतात. ते काळं पडलेलं दिसतं, त्याची पातळी पाहायला पट्टी असते, दाब कमी झाला तर समोर लाल दिवा लागतो. गिअरबॉक्स आणि क्राउन यांच्या तेलाला बहुतेक पिकअपमध्ये पट्टी नसते आणि दिवाही नसतो. ते वर्षानुवर्षं अंधारात गुमान काम करतं. ते संपलं किंवा बिघडलं की गाडी मागून रडायला लागते. ती रडायला लागली म्हणजे पुष्कळदा उशीर झालेला असतो.

आमची पिकअप माझ्या धाकट्या भावाच्या नावावर आहे. आमचं घर मिरजेत. हंगामात तासगाव भागातली द्राक्षं वाशीच्या बाजारात न्यायची, एरवी बेदाणा, हळद, भाजी, कुणाचं घरसामान, जे मिळेल ते. भाऊ बरीच वर्षं स्वतः चालवत होता. कमरेचं दुखणं वाढल्यावर स्टिअरिंग पुतण्याकडे आलं. हिशेबाची वही माझ्याकडे. बँकेचा हप्ता महिन्याच्या पाच तारखेला जातो, गाडी उभी असो की पळत असो. घरात नऊ माणसं आणि कमावती वस्तू ही एकच. माझ्या कवितांचं मानधन मी वहीत मांडत नाही, उगाच आकडा लहान दिसतो.

मी मराठी विषय घेऊन बी.ए. झालो. त्या अभ्यासक्रमात क्राउन-पिनियन नव्हतं. पण अब्बा ट्रक चालवायचे. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर असायचो आणि ते गाडीखाली गेले की पाने त्यांच्या हातात द्यायचं काम माझ्याकडे असायचं. सतरा-एकोणीसचा पाना मागितला की सतरा-एकोणीसचाच हातात पडला पाहिजे. ती शिस्त मला छंदशास्त्राच्या आधी लागली.

आता २०१९ चा ऑगस्ट. सांगलीत कृष्णा घराघरांत शिरली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. नातेवाइकांचं सामान हलवायला गेलेली आमची पिकअप तिकडंच अडकली आणि चार दिवस पाण्यात उभी राहिली. पाणी ओसरल्यावर चाकांच्या निम्म्यावर चिखलाची रेघ होती. सगळ्या गॅरेजांपुढं रांगा लागल्या होत्या. आमचा नंबर लागला, इंजिन ऑइल बदललं, फिल्टर बदलले, ब्रेक खोलून धुतले, बिल झालं. मी विचारलं, ‘‘क्राउनचं ऑइल?’’ तिथला पोरगा म्हणाला, ‘‘काका, ते सीलबंद असतंय. त्याला काय होतंय?’’

त्याच्यावर माझा राग नाही. दिवसाला वीस गाड्या पाहणाऱ्याला एकविसाव्या गाडीचा क्राउन आठवावा, ही अपेक्षाच जास्तीची. पण ते सीलबंद नसतं, हे मला ठाऊक होतं. ते का, हे सांगायचं तर थोडं आत शिरावं लागेल.

बैलगाडी आठवा. तिची दोन्ही चाकं आसावर सुटी फिरतात. गाडी डावीकडं वळली की उजवं चाक मोठा फेरा घेतं, डावं लहान, आणि कुणाचं कुणावाचून अडत नाही. वंगण घातलं की काम झालं. मोटारीत मात्र चाकं इंजिनानं फिरवायची असतात, म्हणून ती आसाला जखडावी लागतात. जखडलेली दोन्ही चाकं सारखीच फिरायला लागली तर वळणावर एक चाक रस्त्यावर घासत जाणार. या अडचणीवरचा तोडगा फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर नावाच्या यंत्रकारानं १८२८ साली आपल्या वाफेच्या गाडीसाठी पेटंट करून घेतला. दोन्ही चाकांना जोर तर मिळावा, पण वळणावर एकानं पुढं जावं, दुसऱ्यानं मागं राहावं. मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो त्यात ही करामत असते. कागदोपत्री त्याचं नाव डिफरन्शियल, गॅरेजमध्ये कुणी हौसिंग म्हणतं, कुणी क्राउन.

इंजिनाकडून येणारा फिरता दांडा गाडीच्या लांबीत असतो आणि चाकं आडवी. तेव्हा या गोळ्यात जोर काटकोनात वळवावा लागतो. लहान पिनियन मोठ्या क्राउनला फिरवते. १९२० च्या दशकात अमेरिकेत ग्लीसन कंपनीनं हे दात एका वेगळ्या वळणाचे कापायची पद्धत आणली. तिच्यामुळं पिनियन मध्यावरून खाली घेता आली. पॅकार्ड मोटारीत १९२६ साली ती आली. दांडा खाली गेला, मोटारीचा तळही खाली आला, आवाज कमी झाला. पण किंमत मोजावी लागलीच. हे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घसरतात. भाराखाली घसरणाऱ्या दोन पोलादांमधून साधं तेल पिळून बाहेर निघतं, उरतं कोरडं लोखंड.

म्हणून या तेलात गंधक आणि फॉस्फरस यांची संयुगं घालतात. दातावर दाब येऊन जिथं ऊन होतं तिथं ती पोलादाशी संयोग पावतात आणि एक अगदी पातळ थर धरतात. झिजायचं ते त्या थरानं, दात वाचतो. गिअर ऑइलचा डबा उघडल्यावर नासक्या अंड्यासारखा जो वास येतो तो या गंधकाचा. हाताला लागला की दोन दिवस जात नाही. मी एकदा सकाळी हे काम करून संध्याकाळी कविसंमेलनाला गेलो होतो. व्यासपीठावर शेजारचे कवी हळूहळू खुर्ची सरकवत होते. माझ्या कवितेवरची ती सर्वांत स्पष्ट प्रतिक्रिया.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली आणि तेव्हापासून डोक्यातून गेलेली नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे बंदी येईपर्यंत, अशा तेलांत स्पर्म व्हेल या जातीच्या देवमाशाचं तेल गंधकाशी संयोग करून वापरलं जात होतं. खोल समुद्रातला तो प्राणी मोटारीच्या दातांमध्ये येऊन पडत होता. यावर कविता लिहायचा मी प्रयत्न केला. जमली नाही, जाऊ दे.

तर हे तेल, आपल्याकडं ज्याला सरसकट ‘नव्वद नंबर’ म्हणतात. नव्वद म्हणजे इंजिनच्या चाळीसच्या दुपटीहून दाट, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. इंजिन ऑइलची मोजपट्टी वेगळी आणि गिअर ऑइलची वेगळी. गाडी तापल्यावर गिअरचं नव्वद हे साधारण इंजिनच्या चाळीस-पन्नासइतकंच दाट असतं. डब्यावर ‘८० डब्ल्यू-९०’ असं लिहिलेलं असेल तर पहिला आकडा थंडीतला, दुसरा तापल्यावरचा.

त्याहून महत्त्वाची दोन अक्षरं डब्यावर असतात, ‘जीएल’. त्यांच्यापुढं चार किंवा पाच. पाचमध्ये गंधकाचा मारा जास्त, ते क्राउनसाठी. गिअरबॉक्सचं निराळं आहे. गिअर बदलताना दोन चक्रांची गती जुळवणाऱ्या रिंगा पुष्कळ गाड्यांत पितळी असतात, आणि तांब्या-पितळेला गंधक मानवत नाही. म्हणून अनेक गिअरबॉक्सना जीएल-चार सांगितलेलं असतं. ‘जास्त आकडा म्हणजे जास्त चांगलं’ असं म्हणून दोन्हीकडं पाच ओतणारे मी पाहिले आहेत. लगेच काही होत नाही. वर्ष-दोन वर्षांनी गिअर खरखरत पडायला लागतो आणि मग दोष ड्रायव्हरच्या हाताला दिला जातो. काही नव्या गिअरबॉक्सना पाच चालतं, काहींना तर पूर्ण वेगळंच पातळ तेल लागतं. म्हणून गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडायची. ती बहुधा डॅशबोर्डच्या कप्प्यात, टोलच्या पावत्यांखाली, अजून प्लॅस्टिकमध्येच असते.

आता प्रत्यक्ष काम. पिकअपचा एक मोठा गुण असा की ती उंच असते. चांगल्या अंगाच्या माणसालाही जॅक न लावता खाली सरकता येतं. हा गुण सोडू नका. सपाट, पक्क्या जमिनीवर गाडी उभी करायची, हँडब्रेक ओढायचा, गिअरमध्ये टाकायची आणि चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावायचे. गाडी मालानं भरलेली असताना तर खाली जायचंच नाही. १९९६ साली आमच्या गल्लीतला एक मुलगा, वय एकोणीस, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली गेला. पावसानं भिजलेल्या मुरमात जॅक तिरका झाला. मी त्या घरी गेलो होतो. जास्त बोलत नाही. गाडी उचलावीच लागली तर खाली लोखंडी घोड्या लावल्याशिवाय अंग आत घालायचं नाही. विटांवर तर गाडी ठेवायचीच नाही, वीट आधी काही न सांगता फुटते.

काम करण्याआधी गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणायची. कोमट झालेलं तेल भराभर उतरतं आणि तळाचा गाळ बरोबर घेऊन येतं. लांबच्या फेरीवरून नुकतीच आलेली असेल तर मात्र थोडी निवू द्यायची, हात भाजतो.

गोळ्याला दोन प्लग असतात. एक तळाशी, तेल काढायचा. दुसरा निम्म्या उंचीवर, तेल भरायचा. आधी वरचा सोडवायचा. हे वाक्य मी पुतण्याला तीनदा म्हणायला लावलं. कारण असं की, खालचा उघडून सगळं तेल सांडलं आणि मग वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागच्या जागी अडकली. भरायला वाट नाही आणि तेलाशिवाय ती गॅरेजपर्यंत नेता येत नाही. वरचा प्लग हलत नसेल तर तारेच्या ब्रशनं चिखल काढायचा, गंजावरचं तेल सोडायचं, हातोडीचे हलके टोले द्यायचे, अर्धा तास चहा प्यायचा आणि मग रिंग पान्यानं जोर लावायचा. फिक्स पाना लावू नका, कोपरे गोल होतात. काही प्लगना बाहेर डोकं नसतं, आत चौकोनी खड्डा असतो, त्याला तसलाच पाना लागतो.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी, पूर ओसरून दोन-तीन आठवडे झाले असतील, आम्ही खाली सरकलो. गाडी तोवर भाड्यावर काढली नव्हती, आणि त्यावरून घरात कुरबुर सुरू झाली होती. भाऊ दारात खुर्ची टाकून बसला होता. त्याचं म्हणणं, इंजिन चालू आहे, ब्रेक लागतोय, मग थांबायचं कशासाठी? हप्ता थांबणार आहे का? त्याचंही खरंच होतं. मी वरचा प्लग सोडवला, पुतण्यानं खालचा. परात खाली धरलेली होती.

आधी पाणी आलं. स्वच्छ म्हणावं असं, पेलाभर. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसून राहिलेलं असतं. त्याच्यामागून जे आलं ते तेल म्हणवत नव्हतं. पुतण्या म्हणाला, ‘‘बडेअब्बा, ह्यातनं तर चहा निघाला!’’ दूध जास्त झालेल्या चहाचाच रंग होता. तेल आणि पाणी दातांमध्ये घुसळलं गेलं की असं दुधाळ होतं. त्यात वंगणाचा गुण राहत नाही आणि बेअरिंगांना गंज चढायला लागतो. भाऊ खुर्चीवरून उठून वाकून पाहत होता. बराच वेळ काही बोलला नाही. मग आत जाऊन त्यानं वाशीच्या व्यापाऱ्याला फोन केला आणि आणखी आठ दिवस मागून घेतले.

पाणी आत कसं गेलं? त्या गोळ्याच्या वर एक बोटाएवढी टोपी असते, ब्रीदर म्हणतात. गाडी चालली की आतली हवा तापून फुगते, तिला बाहेर पडायला ही वाट. चार दिवस बुडून राहिलेल्या आसात या वाटेनं आणि सीलच्या कडांनी पाणी झिरपतं. याहून वाईट प्रकार आपण सगळे दर पावसाळ्यात करतो. लांबून पळून आलेली, मागून तापलेली गाडी ओढ्यात घालतो. गरम आस थंड पाण्यात पडला की आतली हवा एकदम आकसते आणि पाणी ओढून घेते. म्हणून पाण्यातून गेलेल्या गाडीचा क्राउन लौकर पाहावा. उलट ब्रीदर चिखलानं बुजला तर आतल्या दाबानं तेल सीलमधून बाहेर येतं, चाकाकडं गेलं तर ब्रेकच्या लायनरवर. घाटात त्याचा अर्थ काय होतो, ते सांगायला नको. ब्रीदर साफ करायला दोन मिनिटं लागतात, पण त्याच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही.

तळाच्या प्लगला बहुधा लोहचुंबक असतं. त्याला चिकटलेलं जे असतं ते नीट पाहायचं. सुरम्यासारखी करडी, मऊ भुकटी असेल तर ती रोजची झीज, काळजी नको. दोन बोटांत चोळली की कण लागत नाहीत. पण नखासारखा तुकडा, चकाकता कपरा, दाताचा कोपरा निघाला तर नवं तेल ओतण्यात अर्थ नाही, गोळा उघडावाच लागतो. आमच्या चुंबकावर सुरमाच होता, पण त्यात तांबूस झाक होती, गंजाची. मी ती पांढऱ्या कागदावर पुसून घेतली आणि तो कागद वहीत लावला. पुढच्या खेपेला ताडून पाहता येतं.

प्लगखालचा तांब्याचा वायसर नवा टाकावा. नवा नसेल तर जुना लाल होईपर्यंत तापवून पाण्यात सोडायचा. दाबानं कडक झालेलं तांबं पुन्हा मऊ पडतं, हे सोनारही सांगेल. प्लग कसताना पहिलवानकी नको. गिअरबॉक्सचं आवरण पुष्कळदा ॲल्युमिनिअमचं असतं, त्याचे आटे गेले की साध्या कामाचं मोठं काम होतं.

भरणं हे खरं कौशल्याचं. भोक आडवं, जागा अरुंद, तेल घट्ट. बाजारात त्यासाठी हातपंप मिळतो. आम्ही पारदर्शक नळी आणि नरसाळं वापरतो. पुतण्या चाकाशेजारी उभा राहून नरसाळं उंच धरतो, मी खाली नळीचं टोक भोकात धरून पडतो. तेल आपल्या चालीनं उतरतं, घाई करून उपयोग नाही. मात्रा पुस्तिकेत असते, साधारण दीड-दोन-अडीच लिटरच्या घरात. पण शेवटचा निवाडा भोकाचा. तेल भोकाच्या खालच्या काठाला येऊन बारीक धार ओघळायला लागली की पुरे, धार थांबली की प्लग लावायचा. म्हणूनच गाडी सपाट जागी हवी. तिरकी असेल तर भोक खोटं बोलतं.

गिअरबॉक्सची रीत हीच. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर आणखी दोन जागा वाढतात, मधला ट्रान्सफर केस आणि पुढचा क्राउन. आमची साधी, मागच्या चाकांवर चालणारी. जाता जाता फिरत्या दांड्याच्या क्रॉसना ग्रीस गननं ग्रीस मारायचं, निपल असतील तर. जुनं ग्रीस कडेनं बाहेर येईपर्यंत.

आमचं काम एका भरण्यात संपणार नव्हतं. कोपऱ्याकोपऱ्यात दुधाळ तेल राहतंच. म्हणून योग्य ग्रेडचं पण स्वस्तातलं तेल घालून गाडी पन्नासेक किलोमीटर रिकामी फिरवली, पुन्हा काढलं. पुन्हा पिवळट निघालं. आणखी एकदा. तिसऱ्या खेपेला परातीत पडलं ते मधासारखं होतं आणि त्यातून परातीचा तळ दिसत होता. मग चांगलं तेल घातलं. तिन्ही वेळचे डबे धरूनही खर्च वाशीच्या एका फेरीच्या भाड्यापेक्षा कमी झाला. पोटात गेलेला वेळ मी धरला नाही, रविवार धरायचे नसतात.

एवढं करूनही मागून बारीक घूं असा आवाज येत राहिला. आता मिरजेत जन्मलेल्याचा कान हा गावाचा गुण. तलवारी उजळणाऱ्या शिकलगारांनी इथं एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोरे करायला घेतले आणि आजही त्या गल्लीतून जाताना कुणीतरी तार लावत असतं. तेव्हा आवाज कुठला ते ओळखायला मी पुतण्याला शिकवलं. ॲक्सिलरेटर दाबला की वाढणारा आणि सोडला की बदलणारा सूर असेल तर तो क्राउन-पिनियनचा. ॲक्सिलरेटरचा संबंध नाही, पण वळणावर भार एका बाजूला गेला की वाढतो, तर ते चाकाचं बेअरिंग. आमचा दुसरा निघाला, उजव्या बाजूचा.

ते बेअरिंग मात्र आम्ही बदललं नाही. ते दाबून काढायचं, दाबून बसवायचं काम, त्याला प्रेस लागते. आमच्या ओळखीचे एक म्हातारे उस्ताद आहेत, त्यांच्याकडं गाडी नेली. त्यांनी बेअरिंग काढून गंजाचे ठिपके दाखवले आणि विचारलं, ‘‘क्राउनका तेल किसने बदला?’’ पुतण्या म्हणाला, ‘‘हमने.’’ त्यांनी फक्त मान हलवली. त्यांच्याकडून एवढं मिळालं म्हणजे खूप.

सगळं घरी करावं, असं माझं म्हणणं नाही. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर हात लावायच्या आधी अटी वाचाव्यात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर त्याची पातळी पाहायची रीतच निराळी आणि नाजूक, ते जाणत्याकडं द्यावं. कंबर धड नसेल तर गाडीखाली जाऊ नये. पण तेल स्वतः उतरवलं नाही तरी उतरताना समोर उभं राहावं. काय निघतं ते पाहावं. डबा आपल्यासमोर फोडायला लावावा. बिलावरची ‘क्राउन ऑइल’ ही ओळ आणि क्राउनमधलं ऑइल यांची गाठ पडलीच असेल, असं नसतं.

आमच्याच नातेवाइकांच्या गल्लीत, त्याच पाण्यात उभी राहिलेली आणखी एक पिकअप होती. त्या माणसाला थांबायला सवड नव्हती. त्याच्याही हप्त्याची तारीख पाचच असेल. २०२० च्या फेब्रुवारीत, द्राक्षांनी भरलेली त्याची गाडी रात्री साताऱ्याच्या अलीकडं मागून कडाडली आणि थांबली. पिनियनचे दात गेले होते. दुसरी गाडी मिळवून माल चढवेपर्यंत दुपार झाली, आणि द्राक्ष दुपारची वाट पाहत नाही. ते पुराच्याच पाण्यानं झालं, असं मी शपथेवर सांगणार नाही. गाडीला आधीचीही काही दुखणी असतील. पण आम्ही त्याच्याकडं भेटायला गेलो तेव्हा माझा भाऊ आमच्या गाडीविषयी एक शब्द बोलला नाही आणि मलाही बोलू दिलं नाही.

तेव्हापासून आम्ही चाळीस हजार किलोमीटरला हे तेल बदलतो. पुस्तिकेत मुदत यापेक्षा जास्त आहे, पण पुस्तिका लिहिणाऱ्यानं आमचा माल पाहिलेला नाही. शिवाय दर पावसाळ्यानंतर वरचा प्लग उघडून बोट आत घालून पाहायचं. बोटाला तेल लागलं पाहिजे आणि त्याचा रंग तेलाचा पाहिजे. हे पुतण्या आता मला न सांगता करतो, वहीत तारीख आणि किलोमीटर लिहितो. गेल्या वर्षी त्यानं समोर एक शब्द जास्तीचा लिहिला होता, ‘मध’.

राहिलं काढलेलं तेल. त्या पहिल्या रविवारी तीन खेपांचं मिळून सहा-सात लिटर जमलं होतं. आमच्याकडं जळकं तेल वाया घालवत नाहीत. वाळवीसाठी कुंपणाच्या खांबांना लावतात, कुणी दाराच्या बिजागऱ्यांना. पण पाणी मिसळलेलं तेल त्यालाही नको होतं. भावानं सहज सांगितलं, ‘‘नाल्यात सोड.’’ आमचा नाला जातो तो शेवटी कृष्णेला. तिनं आपल्या गाडीत पाणी घातलं म्हणून आपण तिच्यात तेल घालायचं का, असं मी विचारलं, तेव्हा तो हसला आणि डबा आणायला गेला. कायद्यानंही हा घातक कचरा आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं तेल परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडंच जायला हवं. घरच्या माणसानं एवढंच करायचं, ते झाकणाच्या डब्यात भरून, त्यात ब्रेक ऑइल किंवा कूलंट न मिसळता, जिथून असं तेल रीतसर उचललं जातं त्या सर्व्हिस सेंटरला नेऊन द्यायचं. आम्ही दिलं. त्यांनी पैसे दिले नाहीत आणि घेतलेही नाहीत.

परात मात्र भावजयीनं परत घरात घेतली नाही. ती आता गाडीतच, सीटच्या मागं असते.